रुसवा काढणाऱ्याची मुलाखत

भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांतल्या थोरामोठ्यांना, लेकुरवाळ्यांना, तसंच पारावर बसून दुसऱ्यांच्या भानगडींवर बारीक लक्ष ठेवणाऱ्या समस्त कार्यकर्त्यांना अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येतं की, वयाची पन्नाशी उलटल्यावर, पोटावरची शर्टाची बटणं एकमेकांपासून फारकत घ्यायच्या बेतात असताना, प्रस्तुत लेखकाने एका फिटनेस क्लबात नोकरीसाठी मुलाखत दिली. घटना भोरमध्ये, खते-बियाणांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, भर सकाळी घडली. साक्षीदार पुष्कळ आहेत. त्यातल्या बऱ्याच जणांच्या डोक्यावर गांधीटोपी होती. ती का होती, ते सांगण्यासाठीच हा खटाटोप.

शिरवळच्या बाजूला एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो. आमचा विभाग बंद झाला आणि आम्हाला एकेक भिंतीवरचं घड्याळ देऊन घरी पाठवलं. ज्याच्या हातात आता वेळच वेळ आहे त्याला घड्याळ का देतात, हे मला आजवर कळलेलं नाही. घरी बसल्या बसल्या मी बायकोच्या स्वयंपाकघराचं स्टोअर केलं. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. डाळी एका ओळीत, मसाले दुसऱ्या ओळीत. तिनं हळद मागितली की मी विचारायचो, "किती? कशासाठी?"

तिसऱ्या दिवशी तिनं भावाला फोन लावला.

हा भाऊ, म्हणजे माझा मेव्हणा, कामथडीला असतो. त्याची मोठी पोल्ट्री आहे. तो म्हणाला, "दाजींना सोमवारपासून पाठवून दे. शेडवर ध्यान ठेवायला आपलंच माणूस पायजे." आता मेव्हण्याशी माझं वैर नाही. पण तो जेवताना पिल्लांच्या वजनाविषयी बोलतो, झोपताना कोंबडीखाद्याविषयी बोलतो, आणि मधल्या वेळात पिल्लांच्या सर्दीविषयी. शिवाय कोंबडी माणसाकडे एका वेळी एकाच डोळ्यानं बघते, त्यामुळे तिचं आपल्याविषयी मत काय आहे याचा अंदाज येत नाही. अशा हजारो डोळ्यांसमोर मी उरलेलं आयुष्य काढणार नव्हतो.

तेवढ्यात एस.टी. स्टँडजवळ बोर्ड दिसला. 'फिटनेस क्लबसाठी कस्टमर सर्व्हिसला बोलकी, हसतमुख माणसे पाहिजेत. वयाची अट नाही.' शनिवारी मुलाखत. म्हणजे हिशेब सरळ होता. शनिवारी नोकरी मिळाली तर क्लब, नाही तर सोमवारी कोंबड्या.

मुलाखतीला बायकोही आली. माझ्यासाठी नव्हे. मेव्हण्यानं नवं घर बांधलं होतं, रविवारी वास्तुशांत होती, आणि त्यासाठी भोरच्या बाजारातून मानपानाचं सामान घ्यायचं होतं. टॉवेल, टोप्या, नारळ, ब्लाउजपीस. ते सगळं एका भल्यामोठ्या पिशवीत भरून आम्ही जिना चढलो. वर पोचेपर्यंत मला अशी धाप लागली, की दारातल्या मुलीनं विचारलं, "ट्रायल घ्यायला आलात का?"

"न्हाई," बायको म्हणाली. "नोकरीला. पाणी द्या त्यांना."

आत, हॉलला लागून असलेल्या काचेच्या केबिनमध्ये, माझ्याआधी दोन तरुण उमेदवार बसले होते. दोघांचे दंड एवढे, की त्यांना खुर्च्यांमध्ये एक खुर्ची मोकळी सोडून बसावं लागत होतं. त्या मोकळ्या खुर्चीत मी बसलो. दोन गव्हाच्या पोत्यांमध्ये ठेवलेल्या कंदिलासारखा.

मुलाखत घेणाऱ्या मॅनेजर मॅडम पुण्याहून आल्या होत्या. काळा कोट, हातात टॅब, चेहऱ्यावर रेघ नाही. शेजारी क्लबचे मालक बसले होते, इथलेच, गळ्यात सोन्याची साखळी, आणि मॅडम इंग्रजीत काही बोलल्या की मोठ्यानं "राइट!" म्हणणारे. पण नोकरी कुणाला द्यायची ते मॅडमनी ठरवायचं, असं मालकांनी सुरुवातीलाच जाहीर केलं.

मॅडमनी विचारलं, "सर, तुम्ही स्वतः काही वर्कआउट करता?"

"रोज करतो."

"काय करता?"

"बायको सांगेल ते."

काचेच्या दाराबाहेर सोफ्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या बायकोनं मान हलवून याला दुजोरा दिला. मॅडमनी टॅबवर काही तरी टिपलं. ते माझ्या बाजूचं नसावं.

"बरं. समजा एखादा मेंबर चिडून आला, मेंबरशिप सोडतो म्हणाला, तर तुम्ही काय कराल?"

मंडळी, मी खुर्चीत सरसावून बसलो. कारण या जगात मला एकच विद्या येते, आणि मॅडमनी नेमक्या त्याच विद्येचं दार उघडलं होतं.

आमचं मूळ गाव वेल्ह्याच्या बाजूला. तिकडं कुणाच्याही घरी लग्न असलं की मला बोलावणं येतं. जेवायला येतंच, पण मुख्य काम वेगळं. लग्न म्हटलं की कुणी तरी रुसणारच. नवऱ्या मुलाचा चुलता रुसतो, मुलीचा मामा रुसतो, माईकवर नाव घेतलं नाही म्हणून कुणी, तर फेटा आधी दुसऱ्याला बांधला म्हणून कुणी. असा माणूस रुसला की मांडवात कुजबुज होते, "अरं, त्याला बोलवा." तो म्हणजे मी. आजवर मी मोटारसायकलवर किक मारत असलेले मामा परत आणलेत. हिर्डोशीच्या एका लग्नात नवरदेवाचे आजोबा टेम्पोत जाऊन बसले होते, वऱ्हाडाच्या भांड्यांमध्ये, एक पातेलं मांडीवर घेऊन. त्यांना मी पातेल्यासकट पंगतीत आणून बसवलं होतं.

ही विद्या मी मॅडमना समजावून सांगितली. रुसलेल्या माणसाला लांबून हाक मारायची नसते. जवळ जाऊन बसायचं असतं. तो निघाला तर अडवायचं नसतं, त्याच्याबरोबर निघायचं असतं. चूक आपली म्हणायची. आणि काहीही झालं तरी कारण विचारायचं नाही.

"कारण विचारायचं नाही?" मॅडम थांबल्या. "सर, आपली प्रोसेस आहे. मेंबरचं म्हणणं ऐकायचं, कारण विचारायचं, ते सिस्टिममध्ये टाकायचं, आणि चोवीस तासांत रिप्लाय द्यायचा."

"राइट!" मालक म्हणाले.

"मॅडम," मी म्हणालो, "कारण विचारलं की माणूस जास्त रुसतो."

"सॉरी, पण हे प्रोफेशनल नाही." आणि त्यांनी टॅबवर बोटानं असं काही पुसलं, की मला कोंबड्यांचा कलकलाट स्पष्ट ऐकू आला.

नेमका त्याच वेळी दार धाडकन उघडलं. एक मेंबर आत आले. पांढरा शर्ट, पांढरी पँट, कपाळाला गंध, पायात नवेकोरे बूट. मागाहून कळलं, ते गावातले दूधवाले, मोठी डेअरी त्यांची.

"माझं नाव काढून टाका!" ते गरजले. "आमच्या आळीतली सगळी मेंबरं घिऊन चाललो मी!"

मॅडम शांतपणे उठल्या. त्यांनी प्रोसेस सुरू केली. "सर, प्लीज. तुमचा प्रॉब्लेम काय आहे, मला सांगाल का?"

"काय?" ते दोन पावलं मागे सरले. "मलाच इचारताय? म्हंजी तुमाला ठावं बी न्हाई! एवढं झालं, आन् तुमाला ठावं न्हाई!"

"सर, कारण कळल्याशिवाय..."

"कारण! कारण इचारत्यात!" त्यांनी सगळ्या हॉलला साक्षीला धरलं. ट्रेडमिलवरची, डंबेल्सवाली सगळी मंडळी थांबून बघायला लागली. मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या, पण त्यांचा कान लाल झाला होता.

आता जाणकारांना सांगायला नको, की खरा रुसलेला माणूस निघून कधीच जात नाही. जायचं असतं तर तो गपचूप गेला असता. तो सगळ्यांना दिसेल अशा ठिकाणी पाठ करून बसतो. दूधवाले तरातरा चालत गेले ते दाराकडे नव्हे, तर हॉलच्या दुसऱ्या टोकाला. तिथं व्यायामाची सायकल होती, जाग्यावरच राहते ती. भिंतीकडे तोंड करून ते तिच्यावर बसले, आणि रागारागानं पायडल मारायला लागले.

म्हणजे ते निघून चालले होते. सायकलीवरून.

मालकांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी टॅबकडे बघितलं. टॅबात काही नव्हतं. मी उठलो, शेजारच्या सायकलीवर चढलो आणि पायडल मारायला लागलो.

थोडा वेळ आम्ही दोघं भिंतीच्या दिशेनं नुसतेच चाललो.

"कुठवर निघालाय?" मी विचारलं.

"घरी."

"चला. मी बी येतो."

"माझ्याबरुबर कशाला येताय?"

"एकट्यानं जाऊ नये, दादा, असं रागात. रस्ता लांबचा हाय."

त्यांनी वेग वाढवला. मीही वाढवला. शर्टाचं खालचं बटण उडून समोरच्या आरशाला लागलं.

"जरा हळू चला, दादा," मी धापा टाकत म्हणालो. "घाट लागला."

त्यांच्या गालात काही तरी हललं, पण त्यांनी ते दाबून टाकलं. रुसव्यात हसणं म्हणजे हार. मी ओळखलं, आता वेळ आली.

"चूक आमची," मी म्हणालो.

"तुमची? तुमी कोण हितले?"

"अजून कोणी न्हाई. आज मुलाखत हाय."

त्यांनी पायडल थांबवलं. "मंग चूक तुमची कशी?"

"जो कोणी असंल त्याची चूक माझी. मी आधी कबूल करून ठेवतो, नोकरीचं मागनं बघू."

यावर ते हसले. आणि हसल्यावर कारण आपसूक बाहेर आलं, विचारावं लागलं नाही. क्लबला वर्ष झालं म्हणून मालकांनी मेन रोडला फ्लेक्स लावला होता. सगळ्या मेंबरांचे फोटो. त्यात दूधवाल्यांचा फोटो खालच्या ओळीत होता, अगदी कोपऱ्यात, आणि त्यांच्या चुलतभावाचा वरच्या ओळीत, मालकांच्या शेजारी.

"भावकीत राहतो आमी," ते म्हणाले. "उद्या दूध घालायला कोणत्या तोंडानं जाऊ?"

"दादा, मानाचा माणूस खाली गेला," मी म्हणालो, "तर मान वर आणून द्यायला लागंल." आणि मी दाराकडे हात केला. "अगं, पिशवी आण."

बायको दारात उभी राहिली. पिशवी छातीशी धरून.

"अहो, ही माझ्या भावाची वास्तुशांत हाय!"

"एक टावेल, एक टोपी, एक नारळ. संध्याकाळी बाजारातनं दुसरं घिऊ."

"आन् माझ्या भावाला काय सांगू?"

"भावाला सोमवारी मी सांगंन की. दिवसभर तिथंच असणार हाय, शेडवर. आम्ही भांडलो की दोघं तुलाच फोन लावू."

बायकोनं डोळे मिटले. तिला ते फोन ऐकू आले असावेत. तिनं पिशवी पुढं केली.

मग झालं ते रीतसर झालं. मी दूधवाल्यांना सायकलीवरून हाताला धरून उतरवलं, खुर्चीवर बसवलं, टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. मालकांना टाळ्या वाजवायला लावल्या. दूधवाल्यांनी डोळ्यांच्या कडेनं सगळीकडं नजर फिरवली आणि हात जोडले. रुसवा निघाला. ट्रेडमिलवाल्यांनीही टाळ्या वाजवल्या.

एक जण सोडून.

तो डंबेल्स खाली ठेवून पुढं आला. हाच तो वरच्या ओळीतला चुलतभाऊ.

"माझा फोटू वर हाय," तो म्हणाला, "आन् टावेल ह्याला?"

इथं माझी चूक झाली. अशा चुका आमच्याकडच्या शहाण्या माणसाच्याच हातून होतात. पंगतीत एकाला मान दिला की त्याच्या बरोबरीच्या सगळ्यांना द्यावा लागतो, हे मी दुसऱ्यांना शिकवतो, आणि स्वतःच विसरलो होतो. आता चुलतभावाला दिला, तर त्याच्या शेजारच्या ट्रेडमिलवाल्यानं ट्रेडमिल बंद केली. त्याला दिला, तर बेंचवर आडवा झालेला एक जण वजन छातीवर तसंच ठेवून म्हणाला, "आमी काय परगावचं हाय का?"

बायको पिशवीतून सामान काढत होती आणि प्रत्येक नारळाबरोबर भावाच्या नात्यातल्या एकेकाचं नाव पुटपुटत होती, "हा थोरल्या काकांचा गेला, हा मावशीच्या जावयाचा गेला." शेजारच्या आरशात बघावं तिकडं टोपीवाले. एकानं टोपी घालूनच परत पळायला सुरुवात केली, नारळ ट्रेडमिलच्या बाटली ठेवायच्या खाचेत ठेवून.

मॅडम काचेच्या दारात उभ्या होत्या. "हे काय चाललंय?" त्यांनी मालकांना विचारलं. मालक या वेळी "राइट" म्हणाले नाहीत.

इतक्यात बायकांची बॅच आली. ट्रॅकपँट घातलेल्या, वर ओढण्या गुंडाळलेल्या सात-आठ जणी. त्यांनी पुरुषांकडे बघितलं, एकमेकींकडे बघितलं, आणि सगळ्यांनी एकाच वेळी हाताची घडी घातली.

त्यातली सगळ्यात पुढची माझ्या बायकोला म्हणाली, "ताई, पुरुषांचा मान झाला. बायांनी काय फरशी पुसायला यायचं का हितं?"

झालं. माझ्या बायकोचं रक्त उसळलं. भावाची वास्तुशांत ती तिथंच विसरली. ब्लाउजपीस काढले, आरशाखाली सतरंजी टाकली, दारातल्या मुलीकडून कुंकू मागवलं. तांदूळ नव्हते, तर कुणाच्या तरी डब्यातले भिजवलेले हरभरे घेतले, प्रोटीनचे. आणि एकेकीची ओटी भरायला सुरुवात केली. त्या बायांनी ट्रॅकपँटवरच्या ओढणीचा पदर केला आणि वाकून नमस्कार केले. एका कोपऱ्यातला स्पीकर अजून जोरजोरात इंग्रजी गाणं वाजवत होता. एकीनं तो बंद केला. "ओटी भरत्यात, कळतं का न्हाई," असं ती स्पीकरला म्हणाली.

आता मला वाटलं, संपलं. तर मालक दिसेनात. शोधलं तर ते जिन्यात बसले होते, पाठ करून.

मी जाऊन शेजारी बसलो.

ते भिंतीला म्हणाले, "जागा माझी. मशिनी माझ्या. फ्लेक्सचं पैसं बी माझं."

"चूक आमची, मालक."

"सगळ्यांला टोप्या. माझ्या डोक्याकडं कुणी बघितलं बी न्हाई."

पिशवीत शेवटचा नारळ आणि शेवटचा टॉवेल होता. टोप्या संपल्या होत्या. दूधवाल्यांनी मोठ्या मनानं आपली टोपी काढून मालकांच्या डोक्यावर घातली, आणि सगळा हॉल टाळ्यांनी भरून गेला. दूधवाले तिथल्या तिथं म्हणाले, "आमच्या आळीतलं एक बी मेंबर हालणार न्हाई. उलट दोन आणतो." मी म्हणालो, पुढचा फ्लेक्स गोल करू, म्हणजे वरची ओळ नाही, खालची नाही. चुलतभावानं विचारलं की गोलात मधोमध कोण, तेव्हा मी तो विषय बदलला.

मालक टोपीसकट खुर्चीवर येऊन बसले. "मॅडम," ते म्हणाले, "ठरवायचं तुमीच. मी शब्द दिलाय."

ते दोन दणकट उमेदवारसुद्धा टॉवेल गळ्यात घालून उभे होते. बायको रिकामी पिशवी घडी करून हातात धरून उभी होती. भावासमोर काय सांगायचं, याची ती मनात जुळवाजुळव करत असावी. मी पोट आत ओढलं, सुटलेल्या बटणाच्या जागी हात धरला, आणि मॅडमकडे बघितलं.

मॅडम टॅबकडे बघत होत्या. बोट वर गेलं, खाली आलं, परत वर गेलं. चेहऱ्यावर अजूनही रेघ नव्हती. पण त्या टॅबकडे बघत नाहीत, त्या सतरंजीवर बसलेल्या बायांच्या पदरांकडे बघत आहेत, हे आधी माझ्या बायकोच्या लक्षात आलं. तिनं मला कोपर मारलं. तोवर उशीर झाला होता.

"सोमवारपासून या तुम्ही," मॅडम म्हणाल्या, त्यांचा आवाज एकदम चिरकला, आणि पुण्याच्या त्या काळ्या कोटातून ते बाहेर पडलं:

"पण सगळ्यांच्या ओट्या भरल्या, मी काय कुणाची कोणीच नाही का इथे?"